फळ्यावरचे अमाइड

१२ जुलै १९५४

अमाइडचा तिसरा खण आज भरला. कार्ड घालायला गेले तर बोट आत जाईना. युद्धाआधी एकच खण होता, तोही निम्मा रिकामा; त्यात बहुतेक रंग. मग सल्फाची औषधे आली, मागून नायलॉन, आता कीड, बुरशी, चामडे, प्लॅस्टिक. जो उठतो तो आम्लाला नायट्रोजन बांधतो आणि पेटंट मागतो. सगळे स्विस, जर्मन, अमेरिकन, इंग्रज. आपल्या लोकांची कार्डे चिमटीत मावतील.

शीर्षकावरून काही कळत नाही. ‘सेंद्रिय संयुगांसंबंधी सुधारणा.’ पोराचे नाव ‘मूल’ ठेवावे तसे. म्हणून मी शेवटच्या दाव्यापर्यंत वाचते. कार्डावर डावीकडे आम्ल, उजवीकडे अमाइन, म्हणजे नायट्रोजनची बाजू, उपयोग अगदी खाली. आमचे मालक मित्रबाबू आज म्हणाले, “मिसेस दामले, पेटंट एजंटाकडे येणारा माणूस वस्तूचा उपयोग विचारतो. तुम्ही तिची हाडं बघता.”

म्हटले, “कपडे बदलतात. हाडं नाही.”

हसले. नवे कपाट मात्र मंजूर केले.

दुपारी मधुकर ऑफिसात आला. बजबजच्या ताग गिरणीतून थेट कलकत्त्याला, कामाच्याच कपड्यांत. माझा दादा गेल्यापासून त्याचा हा मुलगा काही अडले की माझ्याकडे येतो. वहिनींना सांगत नाही. रुमालातून तागाचे दोन तुकडे काढून टेबलावर ठेवले. एक काळा, कुजका. दुसरा जसाच्या तसा. दोन्ही ओल्या मातीत पुरले होते म्हणे. एरंडेलातून आम्ल काढून त्याचे अमाइड केले, त्यात दुसरा तुकडा बुडवला. बुरशी लागत नाही. गिरणीच्या साहेबाला दाखवले तर तो म्हणाला, तुझ्या नावावर काय करायचे ते कर. साहेबाला रस नाही, कारण गिरणीची प्रयोगशाळाच वर्षअखेर बंद व्हायची आहे. म.ची नोकरी तिच्याबरोबर. हावड्याचा एक तेल गिरणीवाला शेड द्यायला तयार आहे, पण पेटंट हाती असेल तरच.

“आत्या, उद्याच अर्ज टाकूया?”

“आधी जुन्या पेटंटांत शोध. मग अर्ज.”

“तोवर कोणी दुसरा—”

“घाईने केलेले अर्ज मी बारा महिने बघते. आणि हे बघ, कुठे बोलू नकोस. लोकांत जाहीर झालेल्या वस्तूला पेटंट नाही.”

“कोणाशी बोलणार? आईला अमाइड म्हणजे काय ते माहीत नाही.”

२ ऑगस्ट

सापडले. सापडायला नको होते.

स्विस कंपनीचे स्पेसिफिकेशन, चामडे मऊ करण्याविषयी. कोणीही ते चामड्यातच ठेवले असते. माझ्याकडे ते अमाइडमध्ये होते म्हणून हाती लागले. दावा असा: एरंडेलातल्यासारखी लांब साखळीची आम्ले, आणि नायट्रोजनवर लहानमोठी कुठलीही साखळी. ‘कुठलीही.’ पाचसहा केली असतील, मागितली हजारो. म.चे त्यात अलगद बसते.

परत परत वाचले. मित्रबाबूंना वाचायला दिले. त्यांनी नुसती मान हलवली.

८ ऑगस्ट, रविवार

बागबाजारला वहिनींकडे गेले. सांगितले.

म.ने घास ताटात परत ठेवला. मग, “त्यांनी हे केलंय का?”

“बहुतेक नसेल. मागितलंय.”

“न करता मागता येतं?”

“येतं.”

वहिनी पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, “ट्रामच्या बाकावर रुमाल टाकून जागा धरतात, तसं की हो, वन्सं!” एवढे सुटसुटीत मलाही सांगता आले नसते. म. हसला नाही. जेवलाही नाही नीट. मला खाली सोडायला आला तेव्हा एकच विचारले, “साखळीच म्हटलंय ना? नायट्रोजनवर?” मी हो म्हटले. त्याने का विचारले ते तेव्हा ध्यानात आले नाही.

२१ ऑगस्ट

गणेशोत्सव मंडळाचे चिटणीस बापट घरी. बँकेतले, दोन वर्षांपूर्वी मुंबईहून बदलून आले. तेव्हापासून कलकत्त्याच्या मराठी माणसांना मराठी शिकवायचा विडा उचलला आहे. यंदाच्या व्याख्यानांत एक तरुण वक्ता हवा. मधुकर. विषय ‘ताग आणि आपण’.

म.चे मराठी म्हणजे निम्मे बंगाली, उरलेले शेजारच्या मारवाड्याचे. तरी मी होकार भरला. म्हटले, एकदा उभा राहू दे. त्याला बजावले: ताग, गिरणी, मजूर, एवढेच. तुझ्या वस्तूचे नाव नाही.

“कुठली वस्तू आत्या? ती तर मेली.”

हे बोलताना चेहरा मेलेल्या वस्तूच्या मालकाचा नव्हता.

हे म्हणाले, “पोराला भाषण करू दे, तू प्रॉम्प्टिंगला उभी राहू नकोस.”

५ सप्टेंबर, रविवार

 लिहून टाकते.

सभागृह भरले होते. मी पहिल्या रांगेत; म.ने मुद्दाम तिथे बसवले. सुरुवात बरी केली. ताग कसा भिजवतात, कसा सोलतात. मग बुरशीपाशी शब्द अडला, बंगालीच तोंडात आला. “ते... छाता... पावसात लागते ते...” बायकांतून कोणीतरी ओरडले, “बुरशी!” हशा. पुन्हा अडला, पुन्हा हशा. बापट “शाबास, शाबास” करत होते, म्हणजे आणखी वाईट. म.चे कान लाल झाले. त्याने माझ्याकडे बघितले आणि खडू उचलला.

वाटले, तागाचे झाड काढणार.

“एरंडेलातून हे, मग गोणी कुजत नाही,” म्हणत षटकोन काढला. मग नायट्रोजन. मग लांब शेपूट. मी वाचत गेले, जसे रोज वाचते तसे. हे मला दिलेले अमाइड नव्हते. नायट्रोजनवर साखळी नव्हतीच. त्याजागी कडे होते, तो षटकोन. स्विस दाव्याच्या कुंपणाबाहेरचे. पोराने महिन्याभरात दुसरेच करून आणले होते. शेवटी त्याने कड्यावर क्लोरिन टेकवला आणि वळून माझ्याकडे बघून हसला. लहानपणी गणित सुटले की हसायचा तसा.

एक श्वासभर मला इतका आनंद झाला.

मग तो कुठे उभा आहे ते दिसले. फळा. सभागृह. सगळे लोक.

उठले. चढले. डस्टर नव्हते. पदराने पुसला, सगळा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मागे कोणाचे तरी मूल रडायला लागले. मी वळून म्हटले, “व्याख्यान संपलं. आरतीला उभे राहा.”

उभे राहिले. बापटांचा चेहरा मोदक घशात अडकल्यासारखा.

६ सप्टेंबर

सकाळी ह्यांनी माझी साडी दोन बोटांत धरून विचारले, “गणपतीसमोर फळा पुसणारी बाई जन्मात प्रथम पाहिली. ही धुवायला टाकू की पुरावा म्हणून जपून ठेवू?”

मी साडी काढून घेतली. ती थट्टा नव्हती, पुरावाच होता, हे त्यांनाही माहीत नव्हते.

म. ऑफिसच्या आधीच आला. मी विचारले, सांगितले होते ना?

“लोकांत बोलू नकोस म्हणालीस. मी गिरणीत बोललो नाही, कॉलेजात सरांना नाही, तेलवाल्यालाही नाही.”

“आणि काल?”

“काल? तो आपला गणपती, आत्या. आपल्या गणपतीत बाहेरचं कोण असतं?”

 हे मीच त्याच्या डोक्यात भरले आहे, तो एवढासा होता तेव्हापासून. बाहेर बंगाली बोल, इंग्रजी बोल, काय हवे ते. मंडळात आलास की घरी आलास.

“तुला दाखवायचं होतं. मराठी येत नव्हतं तर म्हटलं हे तरी वाचशील. तू वाचलंस ना? बरोबर आहे ना?”

“बरोबर आहे,” म्हटले. “जा, तोंड धुऊन ये. मित्रबाबूंकडे जायचंय.”

७ सप्टेंबर

मित्रबाबूंना काही लपवले नाही. त्यांनी एकच गोष्ट विचारली. “हॉलमध्ये रसायन जाणणारं कोण होतं?”

“मी.”

“तुमच्याखेरीज?”

आठवून आठवून पाहिले. बँकवाले, रेल्वेवाले, शाळामास्तर, दोन वकील, एक दंतवैद्य. “कोणी नाही.”

“मग झालं. तुम्ही घरच्या. घरच्यांना लोक म्हणून धरत नाहीत.”

‘माझ्या माहितीप्रमाणे ही वस्तू लोकांत जाहीर झालेली नाही,’ असे त्यांनी लिहवले. ‘माहितीप्रमाणे’ हा शब्द कशासाठी केलेला असतो ते आज कळले. म.ने सही केली. अर्ज आजच गेला. मला सुटल्यासारखे वाटायला हवे होते.

१० ऑक्टोबर

दसऱ्याचे सोने वाटायला मंडळात. कोणी तागाबद्दल विचारत नाही. जी ती, “दामलेबाई, आमच्या पोरांच्या पाट्या पुसायला या हो!” हसून घेतले. चिडले तर आणखी महिनाभर चालेल.

परत निघताना साठे भेटले. रंग आणि रसायने विकतात, मोठ्या कंपनीचे माणूस; त्या सभेत होते, पण सूत्र वाचणारे नव्हेत म्हणून मित्रबाबूंना नाव सांगितले नव्हते. आनंदात. “बाई, तुमचा किस्सा मी ऑफिसात लंचला सांगितला! साहेब इतका हसला. म्हटलं, आमच्या मराठी पोराने एरंडेलातून असं काही काढलंय की गोणी कुजत नाही, आणि त्याच्या आत्याने ते पदराने पुसून टाकलं!”

“कुठल्या साहेबाला सांगितलंत?”

“आमच्याच. स्विस आहे तो. फार रसिक.”

मी पायरीवर बसले. साठे पाणी आणायला धावले. बिचारा. अभिमानाने सांगितले त्याने. वाईट बुद्धी असती तर बरे झाले असते. दोन शब्द तरी बोलता आले असते.

म.ला सांगितले नाही.

३ जानेवारी १९५५

गिरणीतली प्रयोगशाळा बंद. म.ने काचेचे सामान लिलावात घेतले आणि बागबाजारला पत्र्याच्या खोलीत मांडले. वहिनी म्हणतात, घरभर वास, जेवण जात नाही. तेलवाला अजून थांबला आहे. “पेटंटचा कागद आला की सांगा,” म्हणतो, दर वेळी तेच.

नव्या कपाटाचाही एक खण भरला. यंदा अमाइडमध्ये बुरशी आणि कीड यांचीच चलती. म.चा अर्ज असा एकटा नव्हता. साऱ्या जगाला एकाच वेळी कुजण्याची धास्ती पडली आहे.

२२ नोव्हेंबर

मंजूर! राजपत्रात जाहिरात. चार महिन्यांत कोणी हरकत घेतली नाही तर पेटंट.

म. पेढे घेऊन आला. ह्यांनी दोन उचलले. “हरकतीच्या आधीच संपवतो.” मी एकही खाल्ला नाही, गोड नको म्हटले. वहिनी बघत राहिल्या. तेलवाल्याने शेडला चुना लावायला घेतला आहे म्हणे.

१६ फेब्रुवारी १९५६

मित्रबाबूंनी मला आत बोलावले. दार लावले. कधी लावत नाहीत.

हरकत आली. चामड्याच्या दाव्यावाल्या स्विस कंपनीची; साठे तिच्याच नोकरीत. कारण: सप्टेंबर ५४ मध्ये कलकत्त्यात सार्वजनिक व्याख्यानात वस्तूचे संपूर्ण सूत्र फळ्यावर लिहून दाखवले. खाली पुराव्यादाखल साठ्यांचे म्हणणे.

म्हणाले, “तुम्ही माझ्याकडे नोकरीला, आणि तुम्हीच साक्षीदार. मला हे प्रकरण ठेवता येत नाही. सेनसाहेबांकडे देतो, चांगले वकील आहेत.” मग थोड्या वेळाने, “त्या दिवशी तुम्ही नुसत्या बसून राहिला असता तर...”

 एवढेही बोलायला नको होते.

११ मार्च, रविवार

सेनसाहेबांकडे, बालीगंजला. म. बरोबर. त्यांच्यासमोर साक्षीदारांचे म्हणणे पडले होते. वाचून दाखवत होते आणि हसत होते.

बापट: शेपटीचा पतंग होता. दंतवैद्य: कोळी, पाय असलेला. एक बाई: रांगोळीसारखे काहीतरी, पण अशुभ वाटले. साठे: षटकोन, बाकी आठवत नाही. “सूत्र एकालाही आठवत नाही. पण मिसेस दामले, तुम्ही मात्र सगळ्यांना आठवता. कुठल्या हाताने पुसलंत तेसुद्धा.”

मी पुसले नसते तर आरती झाली असती, प्रसाद वाटला गेला असता, आणि दुसऱ्या दिवशी कोणाला पतंगही आठवला नसता. साठ्यांना लंचला सांगण्यासारखे काही उरले नसते. दीड वर्ष मी समजत होते की मी ते वाचवले.

म. खिडकीबाहेर बघत होता.

सेनसाहेब गंभीर झाले. “म्हणून ते तुम्हालाच बोलावणार. वाचता येणाऱ्या तुम्ही एकट्या. तुम्ही काय सांगाल?”

“जे बघितलं ते.”

“मला वाटलंच होतं.” एक सुस्कारा.

१४ मार्च

वहिनी आल्या. म.ला न सांगता. ट्राम बदलत, घामाघूम. पाणी घेतले, खुर्चीवर टेकल्या नाहीत.

“वन्सं, त्या दिवशी चष्मा घरी राहिला होता म्हणा.”

“चष्म्याशिवाय मी पायऱ्या कशा चढले?”

“चढलात कुठे, धावलात! धावणाऱ्या बाईला काय दिसतं? दिसलं नाही म्हणा. एवढंच. मी काही खोटं बोला म्हणत नाही.”

“मग हे काय आहे, वहिनी?”

रडल्या. आजवर माझ्यासमोर रडल्या नव्हत्या, दादा गेला तेव्हासुद्धा नाही. “त्याचं दुसरं काही नाही हो. गिरणी गेली. तेलवाला उद्या दुसरा बघेल. तुम्हाला तुमचं खरं हवं. ते पोर तुमच्यासाठी लिहायला गेलं ना फळ्यावर?”

हे बाहेरच्या खोलीत होते. वहिनी गेल्यावर आत आले, काही विनोद केला नाही. दिवा लावला आणि बाहेर गेले.

५ एप्रिल

सेनसाहेबांनी मार्ग काढला. ऐकून मला प्रथम कळलेच नाही.

मी खरे सांगायचे. पूर्ण सूत्र होते, मी वाचले. ते नाकारायचे नाही. पण त्यांनी दाखवायचे की मी ‘लोक’ नव्हे. एक, मी घरची. आत्याला दाखवलेले म्हणजे घरात दाखवलेले. दोन, मी जाणकार नव्हे. तीसएक वर्षांपूर्वीची बी.एस्सी., त्यानंतर संसार, आता कार्डे लावणारी कारकून. अशा बाईने बघितले म्हणजे कोणी बघितलेच नाही.

“मला कठोर प्रश्न विचारावे लागतील. रागावू नका. तुम्ही नुसतं हो-हो म्हणत जा.”

म. पटकन म्हणाला, “नको. आत्या, नको असेल तर नको.”

“चालेल,” म्हटले.

 येताना एस्प्लनेडला ट्राममधून उतरताना त्याने माझी पिशवी घेतली. त्या पोराचे भले व्हायचे तर मला कोणी नाही व्हायला हवे. एवढेच ना. बाईला ते काय अवघड आहे, जन्मभर करते.

१७ एप्रिल

पेटंट कचेरीत सुनावणी. सगळे इंग्रजीत, आठवते तसे लिहिते.

उकाडा. पंखा फक्त अधिकाऱ्यांच्या डोक्यावर. त्यांच्या बॅरिस्टरने प्रथम उत्सवाचे आमंत्रण दाखवले, वर ‘सार्वजनिक’ छापलेले, त्याचा अर्थ दुभाष्याकडून वदवून घेतला. सेनसाहेब म्हणाले, कलकत्त्यातले मराठी सार्वजनिक म्हणजे एक मोठे घर, तिथे न जेवलेला माणूस सापडणार नाही. अधिकारी हसले. आपली बाजू बरी चालली होती.

मग मी. काय बघितले ते सांगितले. मग सेनसाहेब उभे राहिले.

“शेवटचा प्रयोग कधी केलात?”

“चोवीस साली. कॉलेजात.”

“त्यानंतर?”

“लग्न. घर.”

“हल्ली ऑफिसात काय करता?”

“कार्डं लावते.”

“म्हणजे अक्षरांप्रमाणे? अ, ब, क?”

हो म्हणायचे होते. तोंड उघडले होते. कार्डे लावते, अ, ब, क, शिपाईसुद्धा लावील. म. समोर बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून.

“नाही,” मी म्हटले. “आम्लाप्रमाणे. मग अमाइनप्रमाणे. अक्षरांप्रमाणे लावली तर काही सापडत नाही.”

सेनसाहेब खाली बसले. बॅरिस्टर उठला तो हसतच. त्याला आता काही करायचे नव्हते.

“फळा पुसायच्या आधी सूत्र वाचायला किती वेळ लागला, मॅडम?”

“बघितलं तेवढा.”

“क्लोरिन कुठे होता?”

“नायट्रोजनच्या समोरच्या कोपऱ्यावर.”

“हे सूत्र आमच्या अशिलाच्या दाव्याबाहेर जातं, हेही तेव्हाच कळलं?”

“हो.”

तो अधिकाऱ्यांकडे वळला. अदबीने म्हणाला, “माझे विद्वान मित्र ज्यांना कारकून म्हणतात त्या या बाई. अमाइडवरची जेवढी स्पेसिफिकेशन्स यांनी वाचली आहेत तेवढी या शहरात क्वचितच कोणी वाचली असतील. या एकट्या समोर असणं म्हणजे जाणकार लोक समोर असणं.”

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे बघून किंचित मान लववली.

असे कोणी कधी बोलले नव्हते. घरी नाही, कॉलेजात नाही, मित्रबाबूसुद्धा नाहीत. मला बरे वाटले. लिहायलाच हवे: त्या खुर्चीवर, म.च्या समोर, मला बरे वाटले. चेहऱ्यावर आलेही असेल.

मग म.कडे बघितले. तो माझ्याकडेच बघत होता.

निकाल राखून ठेवला. एक बाई म्हणजे लोक की घर, यावर विचार करायला वेळ हवा, असे अधिकारी म्हणाले. त्यात त्यांची थट्टा नव्हती.

२९ एप्रिल, रविवार

म. फिरकला नाही. वहिनींकडून निरोप नाही. मी बागबाजारच्या ट्रामच्या थांब्यापर्यंत जाऊन परत आले.

हे म्हणाले, “हो म्हटलं असतंस तर?”

“तर मी तुम्हाला आज तोंड दाखवलं नसतं.”

“मला दाखवलं नसतंस. त्याला दाखवता आलं असतं.”

बरोबर आहे. रागावले, पण बरोबर आहे.

१३ मे, रविवार

निकाल नाही. सेनसाहेब म्हणतात, आणखी महिना.

संध्याकाळी दार वाजले. म. वाळला आहे. हाताला पट्टी, विचारले तर “काच.” ह्यांना नमस्कार केला, मला केला. तेलवाल्याने शेड गुळाच्या व्यापाऱ्याला दिली ते सांगितले, जसे कोणी दुसऱ्याचे सांगावे. मग खिशातून कागदाची पुडी काढली, तागाचा तुकडा टेबलावर ठेवला. पांढुरका, मऊ. तीन महिने मातीत होता म्हणे. त्यावर ओलसुद्धा टिकत नाही.

“नवं?”

“हो.”

“नायट्रोजनवर काय—”

“आत्या.” हळूच म्हणाला. “अर्ज गेला की सांगीन.”

मी हात मागे घेतला. तो ओशाळला, मीही. त्याचे काही चुकले नाही, मीच त्याला हे शिकवले, आधी आत्या म्हणून आणि मग त्या खुर्चीवर बसून.

“त्या दिवशी,” तो म्हणाला, “तो बॅरिस्टर बोलला ते खरं आहे ना? कोणी तेवढं वाचलेलं नाही?”

“खरं असावं.”

“मग तू दुसरं काय सांगणार होतीस.” हे मला सांगितले की स्वतःला, कळले नाही. रविवारी जेवायला येशील का विचारले तर म्हणाला, “बघतो.”

तुकडा तिथेच ठेवून, फाटलेल्या पुडीसाठी नवा कागद शोधत होता. दिव्याखाली तुकडा पडला होता. आम्ल कुठले ते मला वासानेच कळले. नायट्रोजनवर काय असेल तेही दोनांपैकी एक. मी उठून चहा टाकायला आत गेले आणि त्याने पुडी खिशात घालेपर्यंत बाहेर आले नाही.